शिंगासकट शेर

निळवं

ज्वारीचा एक दाणा. त्यात दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस बाइट मावतात. लिहिल्यावरही वजन तेवढंच, रंग तोच.

कोळवं

बाइट म्हणजे आठ कप्पे. प्रत्येक कप्पा एक तर भरलेला, नाहीतर रिकामा. मराठीत अक्षराला तीन बाइट लागतात, काना-मात्रेलाही तीन, जोडाक्षरात पाय मोडायलाही तीन. 'आई' सहा बाइटांत मावते. आमच्या घरात तिला अव्वा म्हणतात, तिला पंधरा लागतात. आणि मी तिला हातानं हाक मारली, तर एक कोटी सदतीस लाख.

चिपटं

मी महानंदा. जन्मापासून मला ऐकू येत नाही. आठव्या वर्षापर्यंत शाळा नव्हती, म्हणून मी, आप्पा आणि अव्वा यांनी घरातच हातांची एक भाषा केली. केली म्हणजे होत गेली. गरज पडेल तशी एकेक खूण. पुढं शहरातल्या शाळेत मी सगळ्यांची खुणांची भाषा शिकले, पण घरात ती कधी चालली नाही. घरच्या भाषेत सहाशे अकरा खुणा आहेत आणि ती बोलणारी माणसं तीन. आप्पा चौऱ्याहत्तरचे, अव्वा सत्तरची, मी एक्केचाळीसची. पुढचं गणित कुणालाही जमेल.

मापटं

आप्पा मापाडी. चिंचाऱ्याच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांनी धान्य मापलं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. संगणकही असाच दुपटीनं मोजतो, असं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग त्यांनी त्यात नवीन काय केलं? ही हकीगत मी त्याच मापांनी घालते आहे, म्हणजे त्यांना वाचताना अडखळायला नको.

मापताना आप्पा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. लाभ म्हणताना भरलेलं माप कपाळाला लावतात. लहानपणी मी तेवढंच बघितलं. त्यामुळं आमच्या भाषेत 'एक'ला वेगळी खूणच नाही. शाळेतल्या पहिल्या दिवशी मला एक पोळी हवी होती, म्हणून मी मूठ कपाळाला लावली. वाढणाऱ्या बाईंना वाटलं, पोरीचं डोकं दुखतंय. त्यांनी बाम आणला.

शेर

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात कोठार झालं. बाहेरून गोदामासारखं दिसतं. आत थंड, कोरडं आणि ओळीनं लावलेल्या कणग्या.

शास्त्र फार अवघड नाही. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लांब धागा असतो, चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेला. चारांतलं एक अक्षर निवडलं की दोन कप्पे भरतात, म्हणून चार अक्षरांचा एक बाइट. शास्त्रज्ञांनी ज्वारीच्या धाग्याला साडेदहा लाख अक्षरांची एक कोरी पट्टी जोडली. रोपाच्या वाढीशी तिचा संबंध नाही. ती आहे हे रोपाला कळतही नाही. दाण्याच्या कोंबापाशी त्या पट्टीवर हवं ते लिहायचं आणि दाणा पेरायचा. कणसात दोन हजार दाणे भरतात, आणि प्रत्येकात तोच मजकूर. बाकीची सगळी साठवण जपावी लागते, गार ठेवावी लागते, दर दहा वर्षांनी नव्या डब्यात ओतावी लागते. ही पेरली की स्वतःच प्रत काढते. काही दाणे किडले, कुठं एखादं अक्षर चुकलं, तर भावंडांशी ताडून दुरुस्त करता येतं. दाणे कसेही मिसळा, प्रत्येकाच्या सुरुवातीला त्याचा पत्ता लिहिलेला असतो.

मग फोनात असतं ते काय, असं अव्वानं विचारलं होतं. मी सांगितलं, फोनात दोन वस्तू असतात, परात आणि कणगी. आत्ता मळायचं तेवढं पीठ परातीत. काम झालं की परात धुवायची. ती मेमरी. वर्षाचं धान्य कणगीत, ते स्टोरेज. तिला पटलं. तेव्हापासून काही विसरली की म्हणते, परात धुतली गं.

कोठारासाठी गावानं जमीन दिली. बदल्यात ठरलं, प्रत्येक घराला कायमची एक शेर जागा. म्हणजे आठ जीबी. त्यात काय ठेवायचं ते घरानं ठरवायचं. लोकांनी लग्नाचे फोटो दिले, सातबारे दिले, एकानं आपल्या बैलाची शंभर छायाचित्रं दिली.

मी तिथंच दाणे निवडते. फुटका दाणा मला बोटांना कळतो. आमच्या घरच्या शेरात काय ठेवायचं, याची आम्ही तिघांनी चर्चाही केली नाही.

अधोली

कोठाराची इंजिनियर शलाका पेंढारकर, पुण्याची, तिशीची. पहिल्या दिवशी आप्पांनी तिला नाव विचारलं आणि म्हणाले, "शलाका म्हणजे काडीच की." ती एवढी हसली की त्या दिवसापासून आप्पांची लाडकी झाली.

तिनंच मला चष्मा दिला. कुणी बोललं की काचेच्या खालच्या कडेला अक्षरं उमटतात. चष्मा पुण्याची मराठी शिकून आलाय. आमची ऐकली की गोंधळतो. काचेवर उमटलेलं मी इथं अवतरणात लिहिते, हातांनी बोललेलं रेघेपुढं.

खुणा आम्ही उन्हाळाभर चित्रित केल्या. अंगणात पांढरी चादर बांधायची आणि एकेक खूण तिघांनी करून दाखवायची. अव्वाची बोटं संधिवातानं वाकडी झालीत. तिच्या खुणा तशाच वाकड्या घेतल्या. तीही एक बोलीच. हस्त नक्षत्र लागलं की पेरणी, आणि त्याआधी दाण्यांवर लिहून व्हायला हवं होतं. चार दिवस उरले असताना शलाका मला निवडीच्या खोलीत शोधत आली.

"महानंदा, मावत नाहीये."

तिनं आकडे दाखवले. एका खुणेला एक कोटी सदतीस लाख सत्तर हजार बाइट. सहाशे अकरा खुणांना आठ अब्ज एक्केचाळीस कोटी. आणि शेर म्हणजे आठ अब्ज.

मी फोनवर टाइप केलं: संगणकाचा हजार एक हजार चोवीसचा असतो ना?

"दोन्ही असतात," ती म्हणाली. "यंत्राला दुप्पट करत जायची सवय. एक, दोन, चार, आठ, असं दहा वेळा केलं की एक हजार चोवीस येतात. लोकांना वाटलं, हजाराच्या जवळच आहे, त्यालाच किलो म्हणू. मग डिस्क विकणारे म्हणाले, किलो म्हणजे सरळ हजार. तिथून घोळ. किलोला फरक चोवीसाचाच, पण मेगा, गिगा असं वर चढत गेलं की फरकही चढतो. जीबीपर्यंत शंभरामागं सात. आपल्या करारात आठ अब्ज लिहिलंय. सपाट."

दाबून बसवता येईल का, मी विचारलं. तिनं दाबून दाखवलं. चित्रं लहान केली, सेकंदाला कमी घेतली. बोटं पुसट झाली. 'ताक' आणि 'रडू' एकसारखं दिसायला लागलं.

"एकतीस खुणा कमी कराव्या लागतील," ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो.

— रॉकेल काढ, अव्वा म्हणाली. स्टोला पंप मारल्यासारखा अंगठा. गेलं. 'लाइट गेली' गेलं. फिरवायच्या चकतीचा टेलिफोन गेला.

— आत्या काढ, अव्वा म्हणाली. आत्याची खूण म्हणजे नाकपुडीशी चिमूट. ती तपकीर ओढायची.

— माझी बहीण आहे, आप्पा म्हणाले.

— म्हणूनच.

— मग तुझा भाऊ काढ. त्याचं पोट दाखवायला दोन हात लागतात, जागा जास्त खातो.

आत्या राहिली, मामाही राहिला.

मग 'आवाज मोठा आहे, राग नाही' ही खूण आली. गळ्यावर तळवा. मी चार वर्षांची असताना अव्वानं ती काढली. ती बांधावरून कुणाला हाक मारायची, आणि तिचं उघडलेलं तोंड बघून मी रडायला लागायचे. गेल्या तीस वर्षांत ती लागली नव्हती.

— जाऊ दे ही, अव्वा म्हणाली.

— नाही, मी म्हटलं.

दिवेलागणीपर्यंत अठ्ठावीस झाल्या. तीन उरल्या. मग अव्वानं हनुवटीवरच्या गोंदणाला बोट लावलं. ती तिच्या नावाची खूण. नंतर पुसल्यासारखा हात फिरवला.

— हे काढ. मग आप्पाचं. मग तुझं. झाले तीन.

— नावं?

— आपण नसताना आपली नावं कुणाला लागणार? आज मी समोर असते म्हणून तू हाक मारतेस. उद्या कोण कुणाला मारील?

आप्पांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

पायली

दुसऱ्या दिवशी मी यादी घेऊन कोठारात गेले. अठ्ठावीस खुणा लिहिलेल्या, खाली तीन ओळी मोकळ्या.

लिहिण्याच्या खोलीत आप्पा आणि शलाका कामात होते. घराघरासाठी कोरे दाणे मापून यंत्रापाशी ठेवायचं काम तीन आठवडे आप्पांकडं होतं. मी त्या खोलीत सहसा जात नाही. तिथं काय चालतं ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आप्पांनी पितळी शेर दाण्यांत बुडवला, वर काढला आणि ओंजळीनं आणखी ओतला. दाणे घसरायला लागले तेव्हा थांबले. मापाच्या तोंडावर छोटा डोंगर उभा राहिला. तो सांभाळत त्यांनी माप शलाकापुढं ठेवलं. शलाकानं स्टीलची पट्टी घेतली आणि डोंगर कापला. कापलेले दाणे डब्यात गेले. डब्यावर चिठ्ठी होती: जास्तीचे. मागं भिंतीशी तसले भरलेले डबे एकावर एक रचलेले.

आप्पांनी पुढचा शेर भरला. पुन्हा डोंगर. तिनं पुन्हा कापला. दोघंही एकमेकांशी अगदी आदबीनं वागत होते.

"काका, तुम्ही रोज भरता आणि मी रोज कापते. सपाटच भरा ना."

"ताई, बियाण्याचं माप सपाट घालत न्हाईत. तुमच्या यंत्राला सपाट लागत असंल तर तुम्ही कापा. माझ्या हातून व्हायचं न्हाई. शिंग असल्याबिगर शेर पुरा होत न्हाई."

शिंग?

मी काचेवरची ओळ पुन्हा वाचली. आप्पा शिंग म्हणालेच नव्हते. ओठांवर दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण आप्पांचा हात मापावर होता आणि मापाला शिंग नसतं. मापाला शीग असते. तोंडावर उभ्या राहणाऱ्या त्या डोंगराला शीग म्हणतात. चष्म्याच्या पोतडीत तो शब्द नव्हता, म्हणून त्यानं जवळपासचा उचलला आणि बैलाचं शिंग आणून ज्वारीवर बसवलं.

आणि मला आठवलं, हे शिंग मी आधी कुठंतरी बघितलंय.

कोठाराचा ठराव झाला त्या गावसभेत मी होते. भिंतीवरच्या पडद्यावर यंत्र सगळ्यांचं बोलणं लिहीत होतं. आप्पा उठून काही बोलले आणि पडद्यावर आलं: 'प्रत्येक घराला एक शेर शिंगासकट द्यावा.' मागच्या बाकांवरचे लोक पडद्याकडं बोट दाखवून हसत सुटले. शेर म्हणजे सिंह, आणि त्याला शिंगं. चेअरमन दिलावर मुजावरांच्या सदऱ्यावर चहा सांडला. मीही हसले होते. पण नंतर हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले होते.

मी शलाकाच्या पुढ्यातला कीबोर्ड ओढला आणि लिहिलं: ठराव सात दाखव.

तिनं काढला. 'प्रत्येक घराला एक शेर द्यावा.'

मी लिहिलं: हा नाही. सभेत पडद्यावर उमटला तो. पहिला.

तिला शोधायला वेळ लागला. सापडला तेव्हा ती खुर्चीत मागं टेकली. 'शिंगासकट' या शब्दावर आडवी रेघ होती. रेघेशेजारी तारीख, आणि बदल करणाऱ्याची आद्याक्षरं: श. पें.

"मीच काढला," ती म्हणाली. "मला वाटलं यंत्र बरळलं. ऑफिसात सगळ्यांना पाठवलंही होतं मी ते, गंमत म्हणून."

मी आप्पांना हातांनी सगळं सांगितलं. त्यांना फारसं नवल वाटलं नाही.

"मी शीगच म्हटलो होतो. पुढं तुम्ही कापाय लागला. म्हटलं, शिकलेली माणसं कापत्यात, काय तरी कारण असंल."

काचेवर आताही 'शिंगच' आलं. मी मनातल्या मनात दुरुस्त करून वाचलं.

"पण शीग म्हणजे नक्की किती, काका?"

"किती म्हणजे? घसरंपर्यंत."

शलाकानं एक शेर शिगेसकट उचलला आणि दाणे मोजायच्या यंत्रात ओतला. बत्तीस हजार सातशे एकाहत्तर. दुसरा ओतला. बत्तीस हजार सातशे नव्वद. तिसरा, बत्तीस हजार सातशे एकोणसत्तर. तिनं पेन दातांत धरलं.

"सपाट शेर साडेतीस हजारांचा. पहिल्या दिवशी न कापता मोजला, तेव्हा वरचे सव्वादोन हजार बघून मला वाटलं, हे यंत्र बिघडलंय." मग ती कागदावर लिहायला लागली. एक, दोन, चार, आठ. पंधरा वेळा दुप्पट केल्यावर थांबली आणि शेवटच्या आकड्याखाली रेघ मारली. बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. "काका, तुमचा शेर यंत्राच्या शेराएवढा आहे. हजारावरचे चोवीस, म्हणजे यंत्राची शीग. हा योगायोग आहे हं, पण—"

"दुपटीनं चाललं तर दुपटीवरच पोचणार की. त्यात कसला योगायोग?"

ती हसली, पण वाद घातला नाही. तिनं मला समजावून सांगितलं. प्रत्येक दाण्याचा पत्ता पंधरा कप्प्यांचा. पंधरा कप्प्यांत शून्यापासून मोजत गेलं की बरोबर एवढेच पत्ते होतात. म्हणजे गल्ली पूर्ण बांधलेली आहे, दारांवर नंबर आहेत; शेवटच्या सव्वादोन हजार घरांना मात्र कुलूप. करारात सपाट लिहिलं म्हणून ते कुलूप तिनंच घातलेलं.

मी लिहिलं: सहाशे अकरा मावतात?

"मावतात. वर आणखी बारा मावतील." ती भिंतीशी रचलेल्या डब्यांकडं बघत होती. "पण एका घराचं कुलूप काढता येणार नाही. काढायचं तर चारशे बाराही घरांचं. आणि गावानं हो म्हणायला पाहिजे."

तिनं चेअरमनना फोन लावला आणि आवाज खोलीभर सोडला.

"शिंगाचा शेर? आठवतंय की," मुजावर म्हणाले. "सदऱ्याचा डाग अजून गेला न्हाई. रेवणअप्पा मापाडी शीग म्हटले, ह्या कानांनी ऐकलंय मी. मशीननं शिंग लिवलं. म्हटलं, पुण्याला कळंल."

"नाही कळलं," शलाका म्हणाली.

"आता कळलं न्हवं? मग घाला की शिंग."

तिनं वरिष्ठांना कळवलं: ठरावात शब्द होता, मी चुकून काढला, परत घालते आहे. दुपारी उत्तर आलं. 'ठीक आहे.' शिंग म्हणजे काय, हे विचारायचं धाडस तिथंही कुणाला झालं नसावं. मग आम्ही तिघांनी 'जास्तीचे' डबे उतरवले. जिथून कापली होती तिथं शीग परत गेली. चारशे बारा शेर. आप्पा घालत होते आणि शलाका पट्टी न घेता बघत होती.

यादी मी फाडली. संध्याकाळी ओट्यावर आम्ही पुन्हा बसलो, या वेळी बारा जागा भरायला. ते जास्त अवघड निघालं. मी शाळेत गेल्यापासून, म्हणजे तेहतीस वर्षांत, आमच्या भाषेत नवी खूण झालीच नव्हती. मोठ्या माणसांना खुणा करताना लाज वाटते. अव्वा आधी तोंडाला पदर लावून नुसती हसत होती. मग 'परात धुतली' ही खूण तिनंच केली, विसरण्यासाठी: कपाळापाशी हात फिरवून पाणी ओतल्यासारखं. आप्पांनी गुडघेदुखी केली. मी चष्मा केला. बाइटसाठी आप्पांनी हवेतून चिमूट उचलली आणि बोटं उघडून दाखवली, आत काही नाही.

शलाका ठेचा-भाकरी खायला आली होती. तिनं विचारलं, "माझी काय खूण?"

तिची खूण आमच्यात आधीच झाली होती. आप्पांनी दाखवली. आडवा तळवा, मापावरून सपकन.

तिला कळायला क्षणभर लागला. "हे हजार वर्षं राहणार?"

"कापलीस ते कापलीस," अव्वा म्हणाली. मग तिनंच वाकड्या बोटांनी खूण पुरी केली. आधी तळवा आडवा फिरवला, नंतर तीच बोटं उलटी आणून हवेत डोंगर रचला आणि वर उचलला. कापली, आणि परत घातली. शलाकानं ती खूण जमेपर्यंत करून बघितली. भाकरी गार झाली.

हस्त लागला. सकाळी आमच्या वाट्याच्या दहा गुंठ्यांत आप्पांनी तिफणीच्या चाड्यावर मूठ धरली. बोटांमधून दाणे सुटत होते आणि काळ्या मातीत जात होते. त्यांत आत्या होती, मामा होता, रॉकेल होतं, आम्ही तिघं होतो. मी मागून चालत होते. बांधावरून अव्वा काहीतरी ओरडली. तिचं तोंड चांगलंच मोठं उघडलेलं दिसलं. चष्मा मी घरी ठेवला होता. मी तळवा गळ्याला लावला आणि भुवया वर केल्या.

तिनंही तळवा गळ्याला लावला. आवाज मोठा आहे, राग नाही. मग दोन्ही हातांनी दाखवलं, न्याहारी.

शीग

बाराव्या जागेचं सांगायचं राहिलं. अकरा भरल्या आणि आम्हाला पुढं सुचेना. शलाका म्हणाली, रिकामी सोडली तर यंत्र तिथं शून्यं भरेल. आप्पा म्हणाले, रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवत नाहीत, चिमूटभर तरी घालतात.

म्हणून पेरणीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा चादरीपुढं उभी राहिले. मूठ कपाळाला लावली. मग एक बोट वर केलं. मग पुन्हा मूठ कपाळाला. हसून मान हलवली, म्हणजे डोकं दुखत नाहीये.

शलाकानं ते सगळ्यांच्या आधी ठेवलं, पत्ता शून्य. आप्पांना ते पटलं नाही. शून्यानं माप कोण सुरू करतं? तिनं त्या पत्त्याला नाव दिलं: लाभ.

हजार वर्षांनी कुणी तो दाणा वाचला, तर निदान बाम आणणार नाही.